एंटरची कळ आणि बाबांच्या आठवणी

तीर्थस्वरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, तुम्ही पाठवलेली आठवणींची फाइल मिळाली. पाचही प्रकरणे मी एका बैठकीत वाचली आणि विहिरीच्या खोदकामाचे प्रकरण दुसऱ्यांदा वाचले. आईला अक्षर बारीक वाटते असे तुम्ही फोनवर म्हणाला होतात, म्हणून मी सगळा मजकूर १२ पॉइंटांवरून १४ पॉइंटांवर नेला आणि त्याच क्षणी पानाचा पार विचका झाला. एक ओळ पुरी भरलेली, तिच्याखाली ‘पाणी लागले’ एवढेच दोन शब्द, पुन्हा एक पुरी ओळ, पुन्हा दोन शब्द, अशी फाटक्या कुंपणासारखी स्थिती शेवटच्या पानापर्यंत होती. हा बिघाड ना तुमच्या संगणकाचा, ना माझ्या. दोष तुमच्या जुन्या, चांगल्या सवयीचा आहे.

कचेरीत तुम्ही वर्षानुवर्षे टंकलेखन यंत्रावर काम केले. तिथे ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि तुम्ही डावीकडचा दांडा ढकलून पुढच्या ओळीवर यायचात. तो दांडा ढकलला नाही तर पुढची अक्षरे कागदावर उमटायला जागाच नसे. संगणकावर हे काम वर्ड, म्हणजे आपण ज्यात लिहितो तो प्रोग्रॅम, स्वतः करतो. शब्द उजव्या समासाच्या आत मावत नाही असे दिसले की तो आपणहून खाली घेतो, आणि अक्षर मोठे किंवा समास कमी-जास्त केला की सगळ्या ओळी पुन्हा नव्याने जुळवतो. आपण एंटर दाबतो तेव्हा मात्र ‘इथे परिच्छेद संपला’ असे त्याला सांगत असतो. तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबलात, त्यामुळे त्याच्या लेखी तुमची प्रत्येक ओळ हा एक स्वतंत्र परिच्छेद झाला आणि त्या जुळवण्याची सोय त्याच्याकडे उरली नाही. ‘ओळ संपली की खाली यायला नको का?’ असे तुम्ही विचारलेत, त्याचे उत्तर एवढेच, की खाली यायला हवे, पण ते तुम्ही आणायचे नाही.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर होम या टॅबवर उलट्या इंग्रजी ‘पी’सारखे चिन्ह असलेले बटण आहे, ते दाबा. जिथे जिथे एंटर दाबला आहे तिथे तेच चिन्ह उमटते आणि प्रत्येक मोकळ्या जागेच्या ठिकाणी एक ठिपका दिसतो. ही चिन्हे फक्त पडद्यावर दिसतात, छापताना कागदावर येत नाहीत. मी ते बटण दाबले तेव्हा परिच्छेदांच्या सुरुवातीला कुठे सात, कुठे आठ, तर कुठे नऊ ठिपके दिसले. स्पेसबार मोजून दाबला तरी एखादा ठिपका इकडेतिकडे होतोच, आणि मग छापलेल्या पानावर परिच्छेदांची तोंडे एका रेषेत येत नाहीत.

सध्याची फाइल मी दुरुस्त केली आहे. फाइंड अँड रिप्लेसमध्ये, म्हणजे शोधून बदलण्याच्या सोयीत, परिच्छेदाचे चिन्ह आणि त्यामागोमाग पाच मोकळ्या जागा असे जिथे आढळले तिथे आधी तीन तारका घातल्या, मग उरलेल्या सगळ्या चिन्हांच्या जागी एकेक मोकळी जागा ठेवली आणि शेवटी तारकांच्या जागी चिन्हे परत आणली. प्रकरणांची नावे त्यात आधीच्या परिच्छेदाला जाऊन चिकटली, ती हाताने सोडवावी लागली.

पुढच्या लेखनासाठी एकदाच करायची मांडणी अशी. कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडा, मग होम टॅबवर पॅराग्राफ या नावाच्या शेजारचा छोटा बाण दाबा, म्हणजे एक चौकट उघडेल. तिथे ‘स्पेशल’खाली ‘फर्स्ट लाइन’ निवडून शेजारी ०.३ इंच असे लिहा, म्हणजे प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ आपोआप आणि नेमकी तेवढीच आत सरकेल. परिच्छेदानंतरची जागा, म्हणजे ‘आफ्टर’, शून्य ठेवा. पहिली ओळ आत घेतल्यावर परिच्छेदांमध्ये आणखी जागा सोडणे म्हणजे एकाच गोष्टीची दोनदा वर्दी देणे, असे माझे मत आहे, आणि आपली मराठी पुस्तकेही बहुधा असेच करतात.

त्याच चौकटीत ओळींमधील अंतर दीडपट ठेवा, पण ‘एक्झॅक्टली’ हा पर्याय चुकूनही निवडू नका. तुमच्या आठवणींचा पहिलाच शब्द ‘पूर्वी’ आहे. त्यात खाली ऊकार आहे आणि वर वेलांटी व रफार. इंग्रजी अक्षरांना पुरेल एवढे ठरावीक अंतर दिले की या शब्दाचे डोके तरी कापले जाते किंवा पाय तरी.

दोन्ही कडा सरळ असाव्यात असा तुमचा आग्रह आहे आणि तो मी मोडणार नाही, तरी एक विनंती करते. मराठीत ‘स्वातंत्र्यपूर्वकाळातल्या’सारखे लांबलचक शब्द येतात आणि वर्ड ते आपणहून तोडत नाही. मग ओळ दोन्ही कडांना भिडवण्यासाठी तो उरलेल्या शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पाडतो. १४ पॉइंटांच्या अक्षरात ती फारच खटकतात. कंट्रोल आणि एल दाबून फक्त डावी कड सरळ ठेवलेले एक पान छापून पाहा, मग ठरवा.

आई, तुझ्या जात्यावरच्या ओव्यांची गोष्ट वेगळी आहे. ओवीची ओळ तू जिथे तोडशील तिथेच ती तुटायला हवी, पण सबंध ओवी एकच परिच्छेद राहायला हवी. त्यासाठी ओळीच्या शेवटी शिफ्ट धरून एंटर दाबायचा आणि ओवी संपली की नुसता एंटर. ओव्यांच्या पानांवर मात्र परिच्छेदानंतर ६ पॉइंट जागा ठेव, म्हणजे दोन ओव्या एकमेकींना चिकटणार नाहीत. नवे पान हवे असेल तेव्हा एंटर दाबत खाली जाऊ नकोस, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाब.

काही बिघडले तर कंट्रोल आणि झेड दाबून मागे येता येते, त्यामुळे दोघांनीही न घाबरता करून पाहावे. जुनी फाइल मी वेगळ्या नावाने जपून ठेवली आहे. बाबा, सहावे प्रकरण लिहाल तेव्हा एंटरची ती चिन्हे दिसू द्या आणि पहिल्या पानावर किती उमटली ते मोजून रविवारी फोनवर सांगा. चार-पाच असतील तर उत्तम. तीस असतील, तर घंटी अजून तुमच्या कानात वाजते आहे असे मी समजेन.

तुमची,
लेक