वॉर्डबॉयला नेमकं काय यायला हवं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रुग्णालयांच्या भरतीच्या जाहिराती आपल्या अंकात अधूनमधून येतात. स्टाफ नर्स, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन यांच्यापुढे पदवी, पदविका, कौन्सिलची नोंदणी असं सगळं नीट छापलेलं असतं. सर्वांत खाली वॉर्डबॉय आणि आया : ‘दहावी पास, रात्रपाळीची तयारी हवी.’ छोट्या नर्सिंग होममध्ये तर जाहिरातही नसते. ओळखीतला आहे, उद्यापासून ये!

या नव्या मुलाला पहिल्याच दिवशी पेशंट एक्स-रेला न्यायला सांगतात. तो नातेवाइकांच्या मदतीने पेशंटला ट्रॉलीवर घेतो आणि लोंबणारी युरिन बॅग मध्ये येऊ नये म्हणून सरळ पेशंटच्या पोटावर ठेवतो. बॅग मूत्राशयाच्या वर गेली की नळीतली लघवी उलटी फिरते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. ती खालीच हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. सांगायला अर्धं मिनिट लागतं. पण सांगणार कोण? सिस्टरला मान वर करायला फुरसत नाही आणि हा मुलगा ठेकेदाराचा.

जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला पेशंटचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. गुन्हा दाखल झाला त्यात डॉक्टरांबरोबर वॉर्डबॉयही होता. एमआरआयचा चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतो, हे किती वॉर्डबॉयना कामावर घेताना सांगितलं जातं?

कचऱ्याचंही तेच. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी प्रशिक्षण, शिवाय हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस सांगितली आहे. पण हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस येतो सहाव्या महिन्यात, आणि ठेका बदलला की तोवर माणूसच बदललेला असतो. सुया पांढऱ्या डब्यात, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, हे अंगवळणी पडलेला जातो. नवा येतो, सुई पिवळ्या पिशवीत टाकतो आणि ती टोचते पिशवी उचलणाऱ्या सफाईवाल्या बाईंना.

उलट काही दवाखान्यांत मावशीच सलाइन काढतात, गर्दी असली तर इंजेक्शनही देतात. हे त्यांचं काम नव्हेच. काही बिघडलं की मात्र बोट त्यांच्याकडे.

दहावीची बारावी करून यातलं काहीही सुधारणार नाही. माझ्या वॉर्डातल्या मावशी जेमतेम सातवी शिकलेल्या, पण ‘सिस्टर, सहा नंबरचा रंग बरा दिसत नाही’ अशी त्यांची हाक आली की मी हातातलं काम टाकून धावायची. सरकारच्या कौशल्य विकास योजनेत जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे वॉर्डबॉय-आयांच्याच कामाचा, कोर्स आहे. जाहिरातीत तो मागितलेला मला क्वचितच दिसतो. तो मागावा. काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे नेमणूकपत्रात मराठीत लिहून द्यावं. आणि ठेकेदार बदलला तरी शिकलेली माणसं त्याच रुग्णालयात राहतील, ही अट आरोग्य विभागाने निविदेतच घालावी.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा