आपल्या गावातल्या चार माणसांविषयी

कोइमतूर,
सर्वपित्री अमावस्येचा आदला दिवस

ती. आई आणि ती. बाबा यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

येथे आम्ही सर्व जण खुशाल आहोत. मुलांच्या सहामाही परीक्षा झाल्या असून दुकानही नेहमीसारखे चालू आहे. फोनवर आपले बोलणे होते. परंतु आज जे सांगायचे आहे ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गेल्या वर्षभरात आपल्या गावातून मोठ्या आजी, आक्का, तात्या आणि बैलवाले आबा अशी चार माणसे गेली. आबांच्या दहाव्याला घाटावर झालेल्या श्रद्धांजलीच्या भाषणांचे चित्रीकरण मला पाहायला मिळाले. बोलणाऱ्यांच्या मनात आदर होता यात मला मुळीच शंका नाही. तरीही कष्टाळू, मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीचे हे जे तीन गुण आबांविषयी सांगितले गेले, तेच तात्यांविषयी आणि तेच आक्कांविषयीही सांगितले गेले होते, आणि चौकातल्या फलकांवर तर फोटोखेरीज काहीच निराळे नव्हते. ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदवहीत नाव, वय, तारीख आणि कारण एवढेच लिहिले जाते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांत ही नोंद करावी लागते आणि ग्रामसेवक ती चोख करतात. परंतु हे चौघे नेमके कोणते आयुष्य जगले, ते कोठेही लिहिलेले नाही. ते तुम्हा दोघांना ठाऊक आहे, आणि त्यातले थोडे मला ठाऊक आहे. मला ठाऊक असलेले या पत्रात लिहीत आहे. तुम्ही ते दुरुस्त करावे आणि राहिलेले भरून द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आक्कांपासून सुरुवात करते, कारण आपल्या घरात आजही जे पाणी आहे त्याचा त्यांच्याशी संबंध आहे. लागोपाठ पावसाने पाठ फिरवल्यावर बाहत्तरचा दुष्काळ आला तेव्हा आक्का नुकत्याच सासरी आलेल्या होत्या. त्या काळी राज्यभर दुष्काळी कामे निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली, असे पुस्तकांत वाचायला मिळते. त्या लाखोंमध्ये आपल्या आक्का होत्या. आधी त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि पुढे ओढ्यावरच्या पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उंचवटा न खोदता राखून ठेवत आणि त्याच्या उंचीवरून किती माती निघाली ते मोजून मजुरी ठरवत, हे मला त्यांनीच सांगितले होते. कोणी रात्री येऊन त्या उंचवट्यावर मातीची भर घातली, तर मोजणाऱ्याच्या लक्षात येण्याआधी ते आक्कांच्या लक्षात येई, कारण भर घातलेल्या मातीचा रंग वेगळा दिसतो. आणि ते पाहिल्यावर त्या गप्प राहत नसत. दगड फोडताना बोटांना चिंध्या बांधायच्या, दुपारी कामावर मिळणाऱ्या सुकडीतली अर्धी पदरात बांधून घरी न्यायची, आणि परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी थापायच्या, ज्या कितीही मळले तरी तव्यावर तुटत, हे सगळे त्या कोणतीही तक्रार न करता, झालेल्या कामाचा हिशेब द्यावा तशा सांगत असत.

रोजगार हमी योजनेचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आपल्याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूर येथे झाला, आणि पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने संमत केलेला तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हे सरकारचे कर्तव्य आहे, ही गोष्ट देशाच्या कायद्यात २००५ मध्ये आली, पण आक्कांनी ती त्याच्या किती तरी आधी आपल्या हाताने जगून दाखवली होती. कायदा करणाऱ्यांची नावे पुस्तकांत आहेत आणि ती असायलाच हवीत. परंतु हजेरीपटावर ज्यांच्या अंगठ्यांचे ठसे उमटले, त्या बायकांनी तो कायदा खरा करून दाखवला, आणि माझ्या मते त्यांचाही उल्लेख त्याच ओळीत व्हायला हवा. पाझर तलावातले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. बाबा, आपली विहीर त्या तलावाच्या खालच्या अंगाला आहे. शेजारच्या शिवारातल्या विहिरी माघात तळ गाठत असताना आपल्या विहिरीत उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी राहत होते, आणि त्या पाण्यावर माझे शिक्षण झाले. तलावाचे काम नेमके कोणत्या वर्षी सुरू झाले, पाण्याच्या बाजूचे दगडी अस्तर कोणत्या टोळीने लावले आणि त्या टोळीत आणखी कोण कोण बायका होत्या, हे तुम्ही आठवून लिहून पाठवावे. आई, तुझे माहेर त्या ओढ्याच्या पलीकडचे असल्यामुळे तिकडून आलेल्या मजुरांची माहिती तुला असेल.

तात्यांविषयी मला अधिक लिहिता येईल, कारण मी या शहरात आहे ती त्यांच्यामुळे. आपल्या खानापूर, आटपाडी आणि तासगाव भागातली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरली, हे आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. परंतु तो धंदा प्रत्यक्ष कसा असतो, हे गावात राहिलेल्यांना क्वचितच कळते. तात्या मिसरूड फुटण्याआधी एका नातलगाबरोबर त्रिचूरला गेले आणि तेथून पुढे येथे आले. जुन्या दागिन्यांतले सोने चोख करण्यासाठी ते मुशीत वितळवून त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळतात, मग त्याचे पातळ तुकडे करून शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, टाकतात. चांदी आणि तांबे विरघळते, आणि तळाशी तपकिरी रंगाची भुकटी उरते. तेच शुद्ध सोने असते, परंतु पुन्हा वितळवीपर्यंत ते सोन्यासारखे दिसत नाही. उरलेल्या तेजाबात तांब्याच्या पट्ट्या ठेवल्या की विरघळलेली चांदी परत हाती येते. या सगळ्या वेळात भांड्यातून तांबूस वाफ निघत राहते. आता आमच्याकडे वाफ ओढून घेणारी यंत्रणा आहे; तात्यांच्या उमेदीच्या काळात एका खोलीत भट्टी, तेजाबाची भांडी आणि चार जणांची अंथरुणे असत, आणि खिडकी उघडी ठेवली तर शेजारी भांडायला येत.

सोनार त्यांच्याकडे सोने सोपवून जात तेव्हा पावती मागत नसत. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत या धंद्यावर सतत तपासणीची टांगती तलवार असे, आणि त्या काळात ज्या माणसाकडे दुसऱ्याचे सोने निर्धास्तपणे ठेवता येते त्याची किंमत किती असेल, याचा अंदाज मला येथील म्हाताऱ्या सोनारांच्या बोलण्यावरून येतो. तात्यांच्या मृत्यूची बातमी कळल्यावर त्यांतले दोघे आमच्या दुकानी आले आणि तमिळमध्ये बराच वेळ बोलत बसले. तात्यांना तमिळ अक्षरे वाचता येत नसत, पण बोलणे इतके सफाईदार होते की पहिली काही वर्षे त्या दोघांना ते मदुरेकडचे वाटत असत, असे त्यांनी सांगितले. गावातल्या मंदिराच्या सभामंडपावर देणगीदारांच्या यादीत तात्यांचे नाव आहे, आणि श्रद्धांजलीच्या वेळी त्याच देणगीचा उल्लेख सर्वांनी केला. परंतु त्यांनी गावातली किती मुले येथे आणून धंद्याला लावली, त्यांतल्या किती जणांच्या बहिणींच्या लग्नांना पैसे उचलून दिले आणि ते परत मागितले नाहीत, याची यादी कोठेही लागलेली नाही. मला ती करायची आहे. नोंदवहीत त्यांच्या मृत्यूचे कारण श्वसनाचा विकार असे लिहिले आहे. त्या विकारामागे मला तेजाबाची वाफ दिसते आणि त्या वाफेवर उभी राहिलेली गावातली पक्की घरे दिसतात, आणि म्हणून त्यांच्याविषयी लिहिताना त्या खोलीचे वर्णन गाळू नये, असे मला ठामपणे वाटते.

मोठ्या आजींची हकिकत जुनी आहे आणि माझ्यापर्यंत तुटक तुटक पोहोचली आहे. नव्वदी ओलांडलेल्या या बाईने लहानपणी, १९४३ नंतर इंग्रजांविरुद्ध चाललेल्या प्रतिसरकारच्या दिवसांत, शेणीच्या पाटीत खाली भाकरी लपवून भूमिगतांपर्यंत पोहोचवल्या होत्या, असे आपल्या घरी बोलले जाते. तेव्हा आपला भाग सातारा जिल्ह्यात होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव गावोगाव घेतले जात होते आणि कुंडल येथून बरीच सूत्रे हलत होती. स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राने १९७२ मध्ये निवृत्तिवेतन सुरू केले, परंतु त्यासाठी तुरुंगवासाचा किंवा भूमिगत राहिल्याचा पुरावा लागत असे, आणि शेणीच्या पाटीचा पुरावा कोणाकडे असणार? आजींनी कधी अर्जही केला नाही. बाबा, तुम्ही त्यांच्या तोंडून ही हकिकत ऐकली आहे का, की तुमच्या वडिलांकडून ऐकली आहे? त्या कोणत्या वाटेने जात असत आणि भाकरी कोणाच्या हाती देत असत? जेवढे खात्रीचे असेल तेवढेच लिहावे. मोठेपणासाठी वाढवून सांगितलेली गोष्ट आजींना शोभणार नाही. त्या स्वतः फार कमी बोलत असत.

आता आबांविषयी. बाबा, येथे मी थोडे स्पष्ट लिहीत आहे, याबद्दल राग मानू नये. बांधावरून तुमचे आणि त्यांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते, आणि तरीही ते गेले तेव्हा खांदा द्यायला तुम्ही सर्वांत पुढे होता, हे मला आईने सांगितले. तो वाद वगळून आबांविषयी लिहिले तर ते लिहिणे अपुरे राहील, असे मला वाटते, कारण ज्या हट्टाने ते एक वीत जमिनीसाठी मोजणी अधिकाऱ्यांकडे खेपा घालत राहिले, त्याच हट्टाने ते पाण्यासाठीही झगडले. आटपाडीला क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरत असे, तिला आबा भाकरी बांधून घेऊन न चुकता जात. कृष्णेचे पाणी उपसून आपल्या माळावर येऊ शकते, या गोष्टीवर गावातल्या बहुतेकांचा विश्वास नव्हता, तेव्हा तो त्यांचा होता. येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी स्वतः उभे केलेले बळीराजा धरण पाहून आल्यावर, त्याच्या पाण्यात भूमिहीनांचाही वाटा आहे ही गोष्ट ते पारावर पुन्हा पुन्हा सांगत असत, असे मला लख्ख आठवते. स्वतः जमीनदार असलेल्या आणि वीतभर बांधासाठी भांडणाऱ्या माणसाला ती वाटणी इतकी पटावी, हे मला त्यांच्या स्वभावातले सर्वांत मोलाचे वाटते. कृष्णेचे पाणी उपसणाऱ्या टेंभू योजनेचे पाणी आपल्या शिवारात प्रथम आले त्या दिवशी ते कालव्यावर गेले होते का, आणि तेथे काय बोलले, हे तुमच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही, कारण त्यांच्या वयाचे दुसरे कोणी आता उरलेले नाही.

खिलार बैलांची त्यांची पारख तर सर्वश्रुत आहे. खरसुंडीच्या यात्रेत खोंड विकत घेण्यापूर्वी लोक त्यांना शोधत येत, आणि ते दात, खूर आणि शिंगांची ठेवण पाहून झाल्यावर जनावराला चार पावले चालवून मगच मत देत. त्याविषयी त्यांचा मुलगा माझ्यापेक्षा चांगले लिहील.

माझा विचार असा आहे की या चौघांविषयी प्रत्येकी चार-पाच पाने लिहावीत, त्यांच्या घरच्या माणसांना ती वाचून दाखवावीत, आणि त्यांची संमती मिळाल्यास एक प्रत गावातल्या वाचनालयात आणि एक शाळेत ठेवावी. ज्या गोष्टी घरच्यांना उघड करायच्या नसतील त्या काढून टाकू. आक्कांच्या धाकट्या मुलाविषयीची गोष्ट तर मी मुळातच लिहिणार नाही. आई, आक्कांच्या सुनेकडे त्यांची एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात कामावरची काही जुनी कागदपत्रे असल्याचे मला आठवते. ती मागून आणू नकोस, नुसती आहेत का एवढे विचार. मी दिवाळीला येईन तेव्हा त्यांच्याच घरी बसून पाहीन आणि फोटो काढून घेईन. बाबा, तुमच्या डोळ्यांना त्रास होत असेल तर शेजारच्या मुलाला सांगून लिहून घ्यावे, परंतु आपले बोलणे त्याला शब्दशः लिहायला सांगावे.

आणखी एक विनंती आहे. तुम्ही दोघांनी उत्तरे वेगवेगळी लिहावीत आणि एकमेकांना दाखवू नयेत. आबांचा बांध आईला जेथे वाटतो तेथे तो बाबांना वाटत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि मला दोन्ही बांध लिहून ठेवायचे आहेत.

औषधे वेळेवर घ्यावीत. बाबांनी पहाटे मळ्यात एकट्याने जाऊ नये.

तुमची,
थोरली लेक