साडेचारशे वर्षं, पण कुठल्या गोव्यावर?

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार,

आपल्या पेपरच्या पुरवणीत गोव्यावर एक पान आलं होतं, फोटो झकास होते, बीच, चर्च, मासे सगळं होतं, पण त्यात एक वाक्य होतं की गोव्यावर पोर्तुगीजांनी ४५१ वर्षं राज्य केलं. हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपपासून भाषणापर्यंत सगळीकडं असंच फिरतंय. मला त्याबद्दलच लिहायचंय, कारण ते गोव्याच्या अगदी थोड्या भागाला लागू होतं आणि बाकीच्या गोव्याला लागू का होत नाही हे कळलं की नकाशा बघायची नजरच बदलते.

२५ नोव्हेंबर १५१० ला अल्बुकर्कनं आदिलशाहीकडून जे घेतलं ते मुख्यतः तिसवाडी, म्हणजे मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मधला भाग. मागच्या बाजूनं कुंभारजुवेची खाडी या दोन्ही नद्यांना जोडते त्यामुळं ते चारी बाजूनं पाण्यात असलेलं बेटच आहे. बारदेश आणि साष्टी, ज्यात आजचा मुरगाव पण आला, हे त्यांच्या हातात पक्कं यायला १५४३ उजाडलं. आणि तिथंच त्यांची गाडी थांबली ती दोनशेहून जास्त वर्षं. आजच्या हिशोबानं हे चार तालुके म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याचा जेमतेम पाव हिस्सा. फोंडा, केपे, सांगे, काणकोण हा सगळा पट्टा सौंदेकरांचा, म्हणजे कर्नाटकात शिरसीजवळच्या सौंद्याच्या राजांचा, तो १७६३ नंतर पोर्तुगीजांकडं आला कारण हैदरअलीनं सौंदेकरांचं राज्य मोडलं. डिचोली आणि सत्तरी १७८० च्या दशकात वाडीकर सावंतांकडून गेली आणि पेडणे गेलं १७८८ ला. म्हणजे १९६१ पर्यंत पेडण्यात पोर्तुगीज राज्य भरतं १७३ वर्षं, ४५१ कुठनं आणायची?

पेडण्याचं तर आपल्याशी थेट नातं आहे आणि ते कोल्हापुरात फारसं कुणी सांगत नाही. त्या काळात करवीरकर आणि सावंतवाडीकर यांची भांडणं चालू होती, करवीरकरांच्या दाबाखाली आलेल्या खेम सावंतांनी पोर्तुगीजांची मदत मागितली आणि त्या बदल्यात पेडणे गेलं. आपल्या दोन मराठी संस्थानांच्या भांडणात एक अख्खा तालुका परक्याच्या घशात गेला, हे वाचून मला वाईट वाटतं, आणि म्हणूनच हे छापून यायला पाहिजे असं वाटतं. आज करवीर म्हटलं की समुद्र डोळ्यासमोर येत नाही पण १८१२ ला मालवण इंग्रजांना द्यावं लागलं तोपर्यंत कोल्हापूरकरांचं राज्य समुद्राला भिडलेलं होतं, त्यामुळं गोव्याचं राजकारण हे आपल्यासाठी लांबचं कधीच नव्हतं.

आता पोर्तुगीज इतकी वर्षं का अडकले? तर नद्या. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग, सह्याद्रीतनं नाहीतर त्याच्या पायथ्याच्या डोंगरातनं निघून थोडक्या अंतरात समुद्राला मिळणाऱ्या या नद्या, आणि भरतीचं खारं पाणी त्यांच्यातनं कितीतरी आत चढतं. ज्याच्याकडं जहाजं आणि तोफा त्याला तोंडावरची बेटं राखणं सोपं पण आत डोंगरात घुसणं अवघड, आणि ज्याच्याकडं घोडदळ त्याचं बरोबर उलटं. १६८३ ला पोर्तुगीज व्हाइसरॉय फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला तेव्हा संभाजी महाराजांनी त्याला पिटाळून लावलं, आणि नोव्हेंबरात ओहोटी बघून मराठे रात्रीचे जुवे बेटावर उतरले, जुनं गोवं तिथनं हाकेच्या अंतरावर. मोगल फौज कोकणात उतरली म्हणून महाराजांना मागं फिरावं लागलं. पुढं १७३९ ला आपल्या इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे साष्टीत शिरले, मडगाव घेतलं, राशोलच्या किल्ल्याला वेढा घातला, तिकडं चिमाजीअप्पा वसईला भिडलेले असताना गोव्याची कुमक वसईला जाऊ नये हा त्यामागचा डाव. इचलकरंजीतल्या किती पोरांना हे माहीत आहे? हा धडा आपल्या जिल्ह्याचा आहे.

नद्यांमुळं देवसुद्धा वाचले. १५६० च्या सुमारास तिसवाडी, बारदेश, साष्टीत देवळं पाडली जात होती तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा असे देव लोकांनी रातोरात जुवारी ओलांडून फोंड्याच्या बाजूला नेले, कारण पलीकडं पोर्तुगीज राज्य नव्हतं. आज आपण मंगेशीला, कवळ्याला जातो आणि एवढी देवळं एकाच तालुक्यात कशी हा प्रश्न कुणाला पडत नाही. त्याचं उत्तर पाण्यात आहे. नंतर हा भाग त्यांनी घेतला तेव्हा लोकांचे देव आणि चालीरीती तशाच ठेवायचं मान्य करावं लागलं. म्हणून एकाच छोट्या राज्यात दोन तऱ्हेचा गोवा दिसतो, आणि किनाऱ्यावरनं परत फिरणाऱ्याला त्यातला एकच दिसतो.

आणि खाजन शेती! याच्यावर तर आपण वेगळं पान काढायला पाहिजे. खाडीकाठची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली, तिला मातीचे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून वाचवलेलं, आणि बांधात लाकडी दारांची मानस. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं दार आपोआप उघडतं आणि भरतीला बाहेरच्या पाण्यानं आपोआप बंद होतं, मोटर नाही वीज नाही. पावसाळ्यात तिथं कोरगुट नावाचं खारं सोसणारं भात, बाकीच्या काळात मासळी. बांध फुटला तर सगळ्यांचंच शेत जाणार म्हणून गावकरी नावाची सामुदायिक व्यवस्था, ती पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची. आपल्याकडं पंचगंगेच्या पुरात दरवर्षी काय होतं ते आपण बघतोय, पाण्याबरोबर राहायची अशी विद्या शेजारी असताना ती बघायला आपल्याकडनं शेतकऱ्यांची एक टूर जाऊ नये याची खंत वाटते.

पाणी तर आपलंच जातंय की तिकडं. चंदगड तालुक्यात तिलारीनगरला अडवलेलं पाणी वीज करून घाटाखाली दोडामार्गात उतरतं आणि तीच तिलारी नदी पुढं गोव्यात शापोरा होते. मांडवी म्हणजे म्हादई, तिचा उगम खानापूर तालुक्यात, आणि तिच्या पाण्यावर तीन राज्यांचं भांडण, २०१८ ला लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असा निवाडा दिला तरी ते मिटलेलं नाही. घाटमाथ्यावरचं जंगल तुटलं तर गोव्याच्या विहिरी आटणार, हे ज्याला नकाशा कळतो त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

संगीताचं पण थोडं लिहितो, नाहीतर मन राहणार नाही. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई लहान असताना कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या, पुढं गुरू मिळाले ते अल्लादिया खाँसाहेब, जे शाहू महाराजांच्या दरबारचे. कुर्डीच्या मोगूबाईंचे गुरूही तेच. त्यांची कुर्डी साळावलीच्या धरणात गेली. कोल्हापूरचा दरबार आणि गोव्याचा आवाज यातनं जयपूर अत्रौली घराणं उभं राहिलं, आणि केसरबाईंचं गाणं १९७७ ला व्हॉयेजर यानातनं अंतराळात गेलं.

गोवा महाराष्ट्रात यावा का याचा १९६७ चा कौल मात्र आपल्याकडं अजून नाराजीनं सांगितला जातो, ते मला पटत नाही. १६ जानेवारीला मतदान झालं, वेगळं राहायच्या बाजूनं १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात यायच्या बाजूनं १,३८,१७०. लोकांनी विचारपूर्वक दिलेला निर्णय आहे तो, ३० मे १९८७ ला घटक राज्य झालं, आता शेजारी म्हणून सन्मानानं बोलावं. मराठी तिथं देवळात, नाटकात, पेपरात आहेच.

माझी विनंती दोन गोष्टींची. १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाचं पान काढाल तेव्हा एक मोठा नकाशा छापा, सगळ्या नद्या नावानिशी आणि कुठला तालुका कुठल्या साली पोर्तुगीजांकडं गेला ते वेगवेगळ्या रंगात. आणि त्यात पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक ठळक दाखवा. आजरा, आंबोली, बांदा करत जाणाऱ्या आपल्या सगळ्या गाड्या त्याच्यापासनं जातात, १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर तिथं गोळ्या झाडल्या, पंजाबचा कर्नैलसिंग बेनिपाल तिथं पडला, आणि आपल्या शेजारच्या सांगलीचे मोहन रानडे तर गोवा सुटल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते.

दुसरी, शाळांच्या सहलींसाठी एक रूट सुचवा. बेळगावमार्गे चोर्ला घाटानं उतरलं की सत्तरीतनं जाता येतं, नार्वेचं सप्तकोटेश्वर, जे १६६८ ला शिवाजी महाराजांनी पुन्हा उभं केलं, फोंड्याचा किल्ला आणि तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ, काळ्या दगडातलं, एवढं दोन दिवसांत आरामात बसतं आणि खर्चही बीचच्या सहलीपेक्षा जास्त नाही. फक्त सुर्ल्याच्या देवळाशेजारनं नदी वाहते, त्यामुळं पोरांना घेऊन पावसाळ्यात जाऊ नये, डिसेंबर जानेवारीच बरा असं त्यात आवर्जून लिहा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर