स, ला, ते आणि रशियन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परकीय भाषांच्या प्रवेशाचे दिवस आले की रशियनची चौकशी करणाऱ्यांत कॉलेजच्या पोरांबरोबर चाळिशी-पन्नाशीची माणसंही असतात. कारणं साधी आहेत. कोणाची मुलगी रशियात वैद्यकीय शिक्षण घेतेय, कोणाच्या फौंड्रीत तिकडचं ड्रॉइंग आलंय, कोणाच्या माळ्यावर वडिलांनी घेतलेली सोव्हिएत पुस्तकं पडून आहेत. या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: या वयात पाठांतर होईल का? निम्मं पाठांतर आधीच झालेलं आहे, एवढं सांगण्यासाठी हे पत्र. मराठी शाळेत 'स, ला, ते, स, ला, ना, ते' असं ओरडून म्हटलेला विभक्तीचा तक्ता ज्यांना आजही झोपेत येतो, त्यांनी रशियनची भीती बाळगू नये.

रशियनला सहा विभक्त्या आहेत. नावं रशियन असली तरी कामं ओळखीची: प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी. पंचमीचं काम शब्दाआधी एक छोटा शब्द लावून षष्ठीच करते. लिंगं तीन, आपल्यासारखीच. 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे. 'हा माझा भाऊ' म्हणताना 'आहे'ची गरज नाही. इंग्रजी शाळेतून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला विभक्ती म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. प्रौढाला नुसती आठवण करून दिली की पुरतं. तरीही तिसऱ्या महिन्यापर्यंत प्रौढांचीच बाकं रिकामी व्हायला लागतात. आमच्या मते दोष वयाचा नसून वाटेचा आहे. पुस्तकं इंग्रजीतून, शिकवणं इंग्रजीतून, म्हणजे सांगलीला जायचं तर आधी पुण्याला जाऊन यायचं.

एक वाक्य घ्या. 'मी पेनानं लिहितो' याचं रशियन 'या पिशू रूच्कय'. 'रूच्का' म्हणजे पेन. तृतीयेचा प्रत्यय लागून 'रूच्कय', पेनानं, एका शब्दात. हेच वाक्य डोक्यात इंग्रजीतून आलं की त्यातल्या 'विथ'साठी काहीतरी शोधावं लागतं आणि वहीत 'स रूच्कय' उमटतं. हा 'स' सोबतीचा आहे. 'स ब्रातम' म्हणजे भावाबरोबर. तेव्हा 'स रूच्कय' म्हणजे मी आणि पेन दोघं मिळून लिहायला बसलो आहोत! तीच गत 'मला'ची. मला थंडी वाजते: 'म्न्ये खोलदना'. मला चाळीस वर्षं झाली: 'म्न्ये सोरक ल्येत'. मला आवडतं: 'म्न्ये न्राव्यित्सा'. तिन्ही ठिकाणी सरळ चतुर्थी. 'माझ्याकडे पुस्तक आहे' यात चतुर्थीऐवजी षष्ठी येते, 'ऊ मिन्या येस्त क्नीगा', पण रचना तशीच. 'मी'ला तिथे कर्ता व्हावं लागत नाही. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी या चारही वाक्यांत अडखळतो.

मराठी वाटेवरही खड्डे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. सर्वांत मोठा खड्डा 'ला'चा. तक्त्यात द्वितीयेला 'ला' आणि चतुर्थीलाही 'ला', त्यामुळे मराठी कानाला फरक ऐकूच येत नाही. भावाला बघतो, भावाला विचारतो, भावाला देतो, भावाला मदत करतो, भावाला फोन करतो. पाचही ठिकाणी 'भावाला'. रशियनमध्ये पहिल्या दोहोंना 'ब्राता' आणि उरलेल्या तिघांना 'ब्रातू'. यावर उपाय एकच: क्रियापद कधी सुटं पाठ करायचं नाही. वहीत 'पमगात: मदत करणे' एवढंच लिहिलं तर ते वाया गेलं, 'पमगात ब्रातू: भावाला मदत करणे' असं जोडीनं लिहायचं. जाता जाता एक सोयही सांगतो. आपण 'घर बघतो' म्हणतो, 'घराला बघतो' म्हणत नाही, पण भावाला मात्र 'ला' लागतो. रशियनमध्येही निर्जीव पुल्लिंगी नाम द्वितीयेत तसंच राहतं (वीझू दोम) आणि सजीव बदलतं (वीझू ब्राता). हा नियम इंग्रजी पुस्तकं पानभर समजावतात.

दुसरा खड्डा भूतकाळाचा. रशियन भूतकाळ बघून मराठी माणूस आधी हरखतो, कारण तिथेही 'ल' आहे आणि तिथेही लिंग दिसतं: तो वाचत होता 'ओन चिताल', ती 'अना चिताला', नपुंसकलिंगी 'चितालो'. पुरुष 'या चिताल' म्हणेल आणि बाई 'या चिताला', आपल्या 'गेलो-गेले'सारखंच. पण 'तिनं पत्र वाचलं' म्हणताना मराठी क्रियापद पत्राच्या मागे जातं. रशियनमध्येही पत्र, 'पिस्मो', नपुंसकलिंगीच. म्हणून वहीत हमखास 'अना प्रचितालो पिस्मो' येतं. बरोबर आहे ते 'अना प्रचिताला'. रशियन क्रियापद कर्त्याला सोडत नाही. तिथे आपला 'नं' नाही. या 'प्रचिताला'तल्या 'प्र'ची गोष्ट मात्र मराठीला पटकन कळते: 'चिताल' म्हणजे वाचत होता, 'प्रचिताल' म्हणजे वाचून काढलं.

लिपीचा बाऊ सर्वांत जास्त होतो आणि तिला वेळ सर्वांत कमी लागतो. अक्षरं ३३, त्यांपैकी दोन नुसती चिन्हं, त्यांना स्वतःचा आवाज नाही. रोज अर्धा तास दिला तर दोन आठवड्यांत लिपी हातात बसते. फसवतात ती इंग्रजीसारखी दिसणारी: इंग्रजी पी दिसतो तो र, सी म्हणजे स, एच म्हणजे न, बी म्हणजे व, वाय म्हणजे ऊ. 'रेस्तरान'ची पाटी त्यामुळे 'पेक्टोपाह' अशी वाचली जाते. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना याचा फटका थेट कागदावर बसू शकतो. रशियन ड्रॉइंगवर मटेरियलच्या रकान्यात 'सी ४२०' असं काहीतरी दिसतं. ते सीही नसतं आणि चारशे वीसही नसतं. पहिलं अक्षर स, दुसरं, चार आकड्यासारखं दिसणारं, च, आणि पुढे २०. 'सेरी चुगून', म्हणजे ग्रे आयर्न, गोस्त (म्हणजे रशियन मानक) १४१२-८५ प्रमाणे. २० म्हणजे ताणशक्ती किमान २०० मेगापास्कल. आपल्या भारतीय मानकातल्या एफजी २०० या ग्रेडला समांतर.

हाताने लिहायची वळणदार लिपी पहिल्या दिवसापासून गिरवावी. हस्ताक्षरात त दिसतो इंग्रजी एमसारखा, द दिसतो जीसारखा, इ दिसते यूसारखी. छापील अक्षरंच काढत बसलेला विद्यार्थी फळ्यावरचं वाचू शकत नाही आणि दोष डोळ्यांच्या नंबरला देतो. पहिलीच्या मुलांची चार रेघी वही आणावी, रोज दोन पानं. देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची सवय पंधरा दिवसांत मोडावी. (वर्तमानपत्रात आमचा नाइलाज आहे.) कारण असं की रशियनमध्ये एका अक्षरावर आघात असतो आणि बाकीचे स्वर दबतात. लिहायचं 'मोलोको', म्हणायचं 'मलाको', म्हणजे दूध. छापील मजकुरात आघाताची खूण नसते. 'ज़ामक' म्हणजे सरदाराचा गढीवजा वाडा आणि 'ज़मोक' म्हणजे त्याचं कुलूप; स्पेलिंग एकच. नवा शब्द कोशात पाहिला की लाल पेन्सिलीनं आघात मारून ठेवावा. मराठी जीभ प्रत्येक अक्षराला सारखं वजन देते, ही सवय आपोआप सुटत नाही.

आवाजांत काही दानं आपल्या बाजूची आहेत. 'चमचा' म्हणताना येणारा च आणि 'चार' म्हणताना येणारा च हे रशियनमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि हिंदी भाषकाला पहिल्यासाठी कष्ट पडतात, आपल्याला नाहीत. अडतं ते एका स्वरापाशी. 'ऊ' म्हणा, जीभ मागे आहे तिथेच ठेवा, ओठ मात्र 'ई' म्हणताना होतात तसे फाकवा. जो आवाज निघेल तो. सरळ 'इ' म्हणून भागवलं तर 'तो होता' याऐवजी 'त्यानं मारलं' असं होतं. दुसरी अडचण मऊ व्यंजनांची. 'ब्रात' म्हणजे भाऊ आणि शेवटचा त मऊ केला की 'घेणे'. मऊ म्हणजे पुढे य जोडणं नव्हे. त म्हणतानाच जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलायचा. हे आरशासमोर बसून आणि श्रुतलेखनानंच जमतं, नियम वाचून नाही.

संख्यांचा नियम बाजारात लगेच लागतो म्हणून लवकर करावा. एक रूबल 'अदीन रुब्ल'. दोन, तीन, चारला 'रुब्ल्या', ही षष्ठी एकवचनाची. पाचपासून 'रुब्लेय', षष्ठी अनेकवचनाची. एकवीसला पुन्हा 'रुब्ल'. अकरा ते चौदा मात्र 'रुब्लेय'मध्येच. षष्ठीचं अनेकवचन हे रशियन व्याकरणातलं सर्वांत काटेरी झुडूप आहे, आणि नेमकं तेच तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतं. गळती तिथे होते. त्या काळात नवे शब्द थांबवावेत आणि रोज वीस वस्तू मोजाव्यात, भाजी असो की नटबोल्ट. कानासाठी बातम्यांपेक्षा हवामानाचा अंदाज बरा: शब्द मोजके, आकडे भरपूर, रोज तेच.

'जाणे' या क्रियापदाचं काय करायचं? मराठीत एक पुरतं, रशियनमध्ये पायी की वाहनानं, आणि एकदा एका दिशेनं की नेहमीचं, हे आधी ठरवावं लागतं. कोल्हापुरात हे शिकवायला जोतिबाचे खेटे फार उपयोगी पडतात. माघात दर रविवारी चालत जातो: 'खझू'. आत्ता वाटेत आहे, चालतोय: 'इदू'. दर रविवारी गाडीनं जातो: 'येज़्झू'. आत्ता गाडीत आहे: 'येदू'. मॉस्कोला निघालेल्यानं चुकून 'इदू' म्हटलं, तर ऐकणारा त्याच्या चपलांकडे बघेल.

आता वेळेचा हिशेब. आठवड्याला चार तास आणि वर्षाला तीस आठवडे धरले तर १२० तास होतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना कामापुरती रशियन यायला ४४ आठवडे, सुमारे ११०० तास धरते. आपले काही तास मराठी वाचवेल, पण एका वर्षात भाषा येईल असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. परदेशी लोकांसाठीच्या 'टॉर्फल' परीक्षेत पहिल्या पायरीला सुमारे ७८० शब्द लागतात, दुसरीला १३००, तिसरीला २३००; रशियन विद्यापीठात रशियन माध्यमातून पदवीला प्रवेश घ्यायचा तर ही तिसरी पायरी. पहिल्या वर्षात पहिली पायरी आवाक्यात आहे, रोज घरी अर्धा तास दिला तर. रविवारी एकदम चार तास बसण्याचा उपयोग होत नाही. सोमवार ते शनिवार मधलं सगळं गळून जातं.

म्हणून भाषा शिकवणाऱ्या इथल्या सगळ्याच संस्थांना दोन सूचना. वर्ग कोणत्या पायरीपर्यंत नेणार, हे प्रवेशाच्या माहितीपत्रकातच छापावं. आणि विभक्ती मराठीतून शिकवावी. तेवढ्यासाठी 'भावाला'सारख्या पन्नास वाक्यांचा एक मराठी-रशियन तक्ता काढला तरी चालेल, छपाईला फार खर्च नाही. वर्ग संध्याकाळी सहानंतर ठेवले तर नोकरदारांना खाडे पडणार नाहीत.

प्रवेश घेणाऱ्यांनी फॉर्म भरण्याआधी कपाट उघडावं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र. दुय्यम गुणपत्रिका मंडळाकडून मिळते, पण वेळ लागतो. शेवटच्या आठवड्यात धावू नये. स्त्रियांचा अर्ज बहुधा नावावर अडतो, कारण गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवावी. रशियन नावात मधल्या नावापुरता तरी हा प्रश्न येत नाही. तिथेही आपल्यासारखं मधलं नाव असतं, पण ते वडिलांचं, प्योत्रच्या मुलीचं 'पेत्रोव्ना', आणि लग्नानंतरही बदलत नाही.

कळावे,
रशियन शिकवणारे काही शिक्षक, कोल्हापूर