आपलं स्टेज आठवतंय का?

मित्रा,

आठ महिने ना फोन ना पत्र, मेसेजला नुसता अंगठा. शिव्या घाल, ऐकून घेतो. तब्येत बरी, पाठ दुखते तशी दुखतेय, आई ठीक. आता मुद्द्यावर येतो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो नुसता हसेल. हसशील तूही, पण का हसतोयस ते तुला माहीत असेल.

मागे वाढवलेल्या खोलीची जमीन हलते.

लाकडी वासे, वर १८ मिमीचा प्लाय, दिसायला झकास. परवा फरशी बसवायची म्हणून मधोमध पाण्याचा पेला ठेवला आणि हिला म्हटलं जरा चालून दाखव, तर पाणी थरथरायला लागलं आणि मला थेट आपलं नाटकाचं स्टेज दिसलं. तू घसा फोडून सांगत होतास, फळ्यांखाली आडवे ठोकळे मार, आणि मी म्हणत होतो एका रात्रीचा तर प्रश्न आहे. पुढचं लिहीत नाही, महाराजांच्या पायाचं प्लास्टर तूच कापायला नेलं होतंस.

मिस्त्री म्हणतो फ्लेक्सिबल अॅडहेसिव्ह लावू, फरशीखालचा तो गोंद ताणला जातो. वाचत बसलो तर त्याचे दर्जे असतात, एस१ म्हणजे त्या गोंदाची वाळलेली पातळ पट्टी तुटायच्या आधी निदान २.५ मिमी वाकते आणि एस२ म्हणजे ५ किंवा जास्त. पट्टी रे, जमीन नव्हे! फरशी तर वाकतच नाही. आधी ग्राउटला, म्हणजे फरशांमधल्या फटीत भरतात त्याला, चिरा, मग फरशी पोकळ वाजणार, मग ही माझ्याकडे बघणार.

वासा ३.६ मीटरचा. त्याला ३६० नं भाग, म्हणजे साध्या टाइलला जास्तीत जास्त १० मिमी लवलेलं चालतं. हिला नैसर्गिक दगड हवाय, त्याला ७२०, म्हणजे ५. खाली शिरून पट्टी धरली, वर घरचे चौघं उभे केले, वासा ८ मिमी लवला. मी खूश, दहाच्या आत! रात्री झोपेत लक्षात आलं की तो हिशोब चौघांचा नाही, खोलीवर पूर्ण भार धरून करायचा असतो. भूमितीच्या सरांनी पुन्हा एकदा बाकावर उभं केलं असतं.

आणि कबूल करतो, मी नुसता वर सिमेंट बोर्ड मारून मोकळा होणार होतो. तो फरशीला नीट चिकटायला जागा देतो, लवणारी जमीन ताठ करत नाही. तर आता प्लाय उचलायचा, प्रत्येक वाश्याला तेवढ्याच उंचीचा जोडवासा बोल्टनं कसायचा (लवणं जवळजवळ निम्मं होतं), मध्ये ठोकळे, हो, तुझेच ते ठोकळे. मग प्लाय परत, वर दुसरा थर, खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही, दोन शीटमध्ये ३ मिमी फट आणि भिंतीलाही चिकटवायचा नाही. एवढं करूनही दगडाचा हट्ट सोडवावा लागेल असं दिसतंय, ते तू हिला सांग, तुझं ऐकते.

राहिला दरवाजा. जिथे जुनी काँक्रीटची जमीन संपते आणि ही लाकडी सुरू होते. तू म्हणालास तिथे ग्राउट नको, सिलिकॉनची रेघ ठेव, मी म्हटलं एकसंध फरशीत रेघ घाण दिसेल, तू म्हणालास मग चीर छान दिसेल, आणि मी फोन ठेवला. आठ महिने त्या एका रेघेवरून गेले रे. एक बाजू ढिम्म, दुसरी हलती, फरशी दुसरीकडे कुठे फुटणार होती? तेव्हाही कळलं होतं मला. पण स्टेजच्या वेळीही तूच बरोबर होतास ना, लागोपाठ दोनदा कसं कबूल करायचं.

तुझी बदली झाली का? वहिनींची परीक्षा कशी गेली? पोरगी आता धावत असेल. सगळं लिही, सवडीनं.

सिलिकॉन ग्राउटच्याच रंगाचं मिळतं म्हणे. ते घेऊ की सरळ वेगळ्या रंगाचं? तूच सांग, या वेळी वाद घालणार नाही. फारसा.

तुझाच,
स्टेजवाला