खुले पत्र: कोकण रेल्वे विलीन करताना कोकणातल्या कोकणात फिरणारा प्रवासी विसरू नका

मा. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय रेल्वेमंत्री, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्र सरकारने मे 2025 मध्ये संमती दिली. 'कोकण रेल्वे' हे नाव टिकावे आणि राज्याने घातलेले सुमारे 396 कोटी रुपये परत मिळावेत, या दोन अटींची तेव्हा बरीच चर्चा झाली. दोन्ही अटी रास्त आहेत. पण ज्या माणसाला मुंबईला जायचे नाही, केरळलाही जायचे नाही, ज्याला सकाळी कडवईहून रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलला किंवा कुडाळहून कणकवलीच्या कॉलेजला जायचे आहे, त्याच्याबद्दल कुणी बोलले नाही. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

मी संगमेश्वर तालुक्यातली. रेल्वेच्या आधी मुंबई म्हणजे रातराणी एसटी, परशुराम आणि कशेडी हे घाट, आणि पहाटे पनवेलला उतरताना आंबलेले अंग. बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते यांनी या रेल्वेसाठी संसदेत किती वर्षे घसा कोरडा केला, ते वडील आम्हाला सांगत. मग 1990 मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रे आली आणि आमच्या डोंगरांत सुरुंग वाजू लागले. घरातली भांडी फळीवर थरथरायची. आई कुरकुरायची, वडील म्हणायचे, "वाजू देत गो, गाडी येतेय." 26 जानेवारी 1998 ला रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा सुमारे 740 किलोमीटरचा पूर्ण मार्ग देशाला अर्पण झाला. वडिलांनी त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले होते.

म्हणून मी जे पुढे लिहिते आहे ते रागाने नाही. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा पूल पाहून आजही माझा ऊर भरून येतो. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये करंजाडीजवळ दरड आणि धोंडे रुळांवर येऊन माणसे गेली. त्यानंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करून स्वतंत्र वेळापत्रक चालवले जाते आणि गस्तीवाले भर पावसात रात्रभर रुळांवरून चालत असतात. या लोकांचे ऋण आम्ही मानतो.

पण या रुळांवरून धावते ते मुख्यतः कोकणाला ओलांडून जाणारे. राजधानी, केरळच्या गाड्या, मंगळूरच्या गाड्या, मालगाड्या. 2023 मध्ये वंदे भारत आली, आनंद झाला. मात्र संगमेश्वर, आडवली, विलवडे, नांदगाव, झाराप अशा स्थानकांवरच्या माणसाचा मोठा आधार अजूनही ठाण्याजवळच्या दिव्याहून येणाऱ्या रत्नागिरी आणि सावंतवाडी पॅसेंजरच आहेत. एकेरी मार्गावर पॅसेंजर हीच क्रॉसिंगला थांबणार, हे आम्हाला तोंडपाठ आहे. समोरून एक्सप्रेस, मागून एक्सप्रेस, मध्ये आमची गाडी उभी. तासाभराच्या कामासाठी अख्खा दिवस मोडतो. मग माणूस रिक्षा, वडाप किंवा दुचाकी पकडतो आणि वर्षानुवर्षे रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर जातो.

दादरचेही बोलायला हवे. कोविडच्या आधी रत्नागिरी पॅसेंजर दादरहून सुटायची. कोविडनंतर ती सुरू झाली ती दिव्याहून. नकाशावर हा फरक तीस-पस्तीस किलोमीटरचा आहे. लालबागला किंवा परळला राहणाऱ्या, हातात आंब्याची पेटी आणि बरोबर म्हातारी आई असलेल्या चाकरमान्यासाठी मात्र तो लोकलच्या गर्दीत चढण्या-उतरण्याचा, दिव्याच्या जिन्यांचा फरक आहे. केईएम आणि टाटा हॉस्पिटल परळला आहेत. आमच्याकडचा रुग्ण तिथे जातो, आणि ज्याला आरक्षण परवडत नाही तो याच गाडीने जातो.

आता उपायाकडे येते. 2022 मध्ये या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. मेमू, म्हणजे वेगळे इंजिन न लागणारी, लोकलसारखी विजेवरची गाडी, दर पाच-दहा किलोमीटरवर थांबूनही पटकन वेग घेते, इंजिन लावलेल्या पॅसेंजरला ते जमत नाही. मग चिपळूण-रत्नागिरी, रत्नागिरी-कणकवली, कणकवली-सावंतवाडी-मडगाव अशा मेमू सकाळी कामावर जाण्याच्या आणि संध्याकाळी परतण्याच्या वेळेला का असू नयेत? उत्तर मला ठाऊक आहे: एकेरी मार्गावर जागा नाही. दोन स्थानकांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी, त्यात दर स्थानकावर थांबणारी गाडी टाकली की मागच्या सगळ्या खोळंबतात. रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा दुहेरी मार्ग ऑगस्ट 2021 मध्ये पूर्ण झाला, तिथपासून पुढे कोकणाचा मार्ग एकेरीच आहे. महामंडळ स्वतःच्या कमाईवर चालणारे आणि कर्जरोख्यांचे हप्ते फेडत आलेले, त्याच्याकडे हजारो कोटी कुठून येणार? विलीनीकरणाचे खरे कारण हेच ना? आता अर्थसंकल्पातून पैसा मिळू शकेल. तो मिळाला की करबुड्यासारख्या बोगद्याला समांतर बोगदा खणण्याची वाट न पाहता आधी कणकवली ते सावंतवाडीसारख्या तुलनेने सपाट पट्ट्यांचे दुहेरीकरण हाती घ्यावे. तुकड्या-तुकड्याने झाले तरी क्रॉसिंगची मिनिटे वाचतील, आणि वाचलेली ती मिनिटे लिखित स्वरूपात स्थानिक गाड्यांच्या नावे ठेवावीत. नाहीतर तीही लांबच्या गाड्यांना जातील. आजवर तसेच होत आले आहे.

सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन 2015 मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना झाले. त्या वेळी शाळेत जाणारी मुले आज नोकरीसाठी मुंबईला गेली. तिथे गाड्यांची देखभाल करायची सोय झाली, तर कोकणातूनच गाडी सोडता येईल.

आणखी एक. विलीन झाल्यावर हा मार्ग कुठल्या विभागाकडे जाणार? तो तुकड्यांत मध्य, दक्षिण पश्चिम आणि दक्षिण रेल्वेला वाटून दिला, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मुंबईच्या उपनगरी गर्दीच्या मागे कुठेतरी उभे राहतील. हा मार्ग अखंड ठेवावा, आणि त्याच्या वेळापत्रकाचा निर्णय घेणारा अधिकारी रत्नागिरीत बसावा. माझ्या मते नावाच्या अटीपेक्षा ही अट मोठी आहे. नाव राहिले आणि गाडी थांबली नाही, तर कडवईच्या बाईला त्या नावाचा काय उपयोग?

गणपतीच्या जादा गाड्या आपण सोडता, त्याबद्दल आभार. पण वर्षाचे उरलेले दिवसही कोकणात माणसे राहतात.

माझी मागणी नेमकी आहे. विलीनीकरणाचा अंतिम आदेश काढण्याआधी, पुढच्या पाच वर्षांत कोकणांतर्गत किती स्थानिक गाड्या, कुठून कुठे आणि कोणत्या वेळेला धावतील, याचा मराठी मसुदा प्रसिद्ध करावा. दादर पॅसेंजरचे काय होणार, ते त्यात स्पष्ट असावे. आणि त्यावर चिपळूण, रत्नागिरी, कणकवली आणि सावंतवाडीला जनसुनावणी घ्यावी. वेळ पॅसेंजरला जुळेल अशी ठेवा, म्हणजे आम्हाला त्याच गाडीने येता येईल.

आपली विश्वासू,
संगमेश्वर तालुक्यातील एक प्रवासी