मंगलच्या गवारीचा हिशेब

निपाणी

प्रिय कमळे,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर दिलं नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. माझी शुगर जिथं होती तिथंच आहे, ह्यांचा गुडघा कुरकुरतो, बाकी बरं.

मंगलची गवार आठवते ना? 16 फेब्रुवारी 1980 चं खग्रास सूर्यग्रहण. तिकडं हुबळी-कारवारला भर दुपारी अंधार पडला. आपल्याकडं सूर्याची कोर उरली होती, पण धाक तेवढाच. मंगलला सातवा लागून गेलेला, आणि आडवं पडून राहायचं सोडून तिनं वाटीभर गवार मोडली. अक्षय्य तृतीयेला सुजाता झाली, फाटक्या ओठाची. ती वाटीभर गवार सासूला मरेपर्यंत पुरली. मिरजेला ओठ शिवून आणला, पोरगी शिकली, नोकरीला लागली, तरी गवार काही संपली नाही.

गेल्या आठवड्यात बेळगावात मेंदूच्या डॉक्टरांपुढं बसले होते. बोलता बोलता ते म्हणाले, बाळाचा वरचा ओठ दुसऱ्या महिन्यातच सांधून होतो, टाळू तिसऱ्या महिन्यापर्यंत. मी तिथंच बोटं मोजायला लागले. सुजाता एप्रिलची. म्हणजे तिच्या ओठाचं जे व्हायचं ते आदल्या वर्षी गणपतीच्या सुमारासच होऊन गेलं होतं! फेब्रुवारीत मंगलनं गवार काय, अख्खं परडं चिरलं असतं तरी पोरीच्या ओठाला काय होणार होतं?

आणि तू! तुझी तेव्हा नुकतीच पाळी चुकलेली. मुद्दाम विळी घेऊन दारात बसलीस आणि कांदा चिरलास. मी तुझ्याशी होळीपर्यंत बोलले नाही. ज्या दिवसांत खरंच जपायचं असतं त्या दिवसांत तू होतीस, आणि प्रशांतचं तोंड असं धडधाकट निघालं की अजून बंद होत नाही. (त्याच्या बदलीचं काय झालं? नि तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकलंस का?)

बेळगावला कशाला गेले होते ते सांगते. धाकट्या जावेची सून, रेश्मा. लग्नात हिरव्या चुड्यात पाहिलीस ती. तिला कॉलेजात असल्यापासून फीट येतात. माहेरच्यांनी लपवलं, मंगलच्या वेळी लपवलं होतं तसंच. मंगलची गोळी पावडरच्या डब्यात असायची आणि तू संकेश्वरहून पाकीट आणायचीस. हिची पर्सच्या चोरकप्प्यात. दिवस राहिल्याचं कळलं तशी मोबाइलवर काहीबाही वाचून पोरीनं गोळी एकदम सोडली, आणि तिसऱ्या दिवशी मोरीत पडली. जावेनं पित्त म्हणून लिंबू दिलं. पोरगी रात्री माझ्याकडं येऊन रडली.

डॉक्टर आधी तिलाच रागावले. अशी गोळी एकाएकी सोडली की मोठी फीट येऊ शकते, त्यात आईही जाऊ शकते नि पोटातलंही. तिची गोळी होती वॅल्प्रोएट. फीटला गुणकारी, पण गर्भाला या गोळ्यांतली सगळ्यांत वाईट. कुठल्याही शंभर बाळंतपणांत दोन-तीन मुलांत जन्मतः मोठं व्यंग असतंच. ही गोळी चालू असेल तर दहाच्या आसपास. पाठीचा कणा उघडा राहतो, हृदयाला भोक पडतं, टाळू फाटते. शिवाय शंभरातली तीस-चाळीस मुलं बोलण्यात, शिकण्यात मागं पडतात. त्यांनी तिच्याऐवजी फीटचीच दुसरी गोळी, लेव्हेटिरासिटम, सुरू केली, आणि बाळाचा कणा नीट मिटावा म्हणून फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व पाच मिलिग्रॅमचं दिलं. पण कमळे, कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आशाताई तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं सरकारी कार्ड, करायला दारात येईतो सगळं घडून गेलेलं असतं. गोळी बदलायची ती लग्नाआधी, फॉलिक सुरू करायचं तेही दिवस राहायच्या आधी. आणि लग्नाआधी तर आपण गोळी लपवण्यात गुंतलेलो! मला गोळीपेक्षा या लपवालपवीचाच जास्त राग येतो. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी कुणाला सावध करायचं, पर्सच्या चोरकप्प्याला?

आपल्याला शाळेत थॅलिडोमाइडचं कुणी सांगितलं नव्हतं. 1957 मध्ये जर्मनीत झोपेची निर्धोक गोळी म्हणून ती विकायला आली. बायका मळमळीवर घ्यायला लागल्या. 1961 मध्ये बाजारातून काढली, तोवर जगभरात दहा हजारांच्या आसपास मुलं तोकड्या हातापायांची जन्मली होती. त्यातही घात कधी? गर्भ राहिल्यापासून विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसाच्या दरम्यान घेतली तर. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाईंनी, कंपनीनं कितीही तगादा लावला तरी, परवानगीची सही केली नाही. मला ही बाई फार आवडली. तुझ्यासारखीच हेकट असणार.

आमच्या घरचा कारभार ऐक. जावेनं पपई बंद केली, ग्रहणाच्या तारखा कालनिर्णयात पाहून ठेवल्या, आणि स्वतः दिवसातून चारदा मशेरी लावते. रेश्माला मळमळलं तर म्हणे, जराशी लाव, तोंडाला बरं वाटतं. तंबाखूच्या गावात तंबाखूला कोण भिणार! मी म्हटलं, अगं, त्यानं पोर हलकं जन्मतं, वेळेआधी होतं, पोटातच जातं. तर म्हणाली, मी विड्या वळत चार काढली की! त्यातली दोन राहिली, हे ती मोजत नाही.

रेश्माच्या नवऱ्याला मीच सांगितलं. दोन दिवस तोंड पाडून बसला, आता गोळी तोच आणतो. जावेला अजून पत्ता नाही. मी कधीतरी सांगेन, पण आधी स्कॅन होऊ दे. अठरा-वीस आठवड्यांचं, कणा आणि हृदय बघायचं. शंभरातली नव्वद मुलं धड जन्मतात, हे मी रोज रात्री स्वतःला सांगते, आणि मग उरलेली दहा डोळ्यांपुढं येतात.

आता खरी अडचण. गवारीचा हिशेब मंगलला सांगू का? सासू गेली तरी ग्रहण असलं की ती अजून हातात सुई धरत नाही. सांगितलं तर गवार सुटेल. पण पाठोपाठ ती विचारेल, मग कशानं झालं? तिची ती फीटची गोळी, फेनिटॉइन. मी डॉक्टरांना नाव न सांगता विचारलं. म्हणाले, हो, त्या जुन्या गोळीनं ओठ-टाळूचा धोका वाढतो. पण फाटका ओठ तसाही सातशे-आठशेत एका मुलाला असतो, बहुतेकांचं कारण कळत नाही, त्यामुळं एकीचं ठामपणे सांगता येत नाही. आणि गोळी बंद असती तर मंगलच राहिली नसती. हे सगळं मला कळतं. मंगलला कळेल, की तिच्या डोक्यावरची गवार काढून मी तिथं गोळी ठेवेन? पाकीट आणून देणारी तू, म्हणून तुलाच विचारते.

स्कॅन पुढच्या शुक्रवारी. त्याआधी लिही. फोन करू नकोस, दुपारभर जाऊ इथंच बसलेली असते. आणि मंगलला परस्पर काही बोललीस तर बघ!

तुझी,
शालू